कार्बन फायबर लॅमिनेट चिवट करायचं तर: नॅनोफायबरची जाळी कशी काढावी, कुठे घालावी, कशी तपासावी

कार्बन फायबरचं पॅनेल, म्हणजे थरावर थर चिकटवून केलेलं लॅमिनेट, धाग्यांच्या दिशेनं ओढलं तर सहजासहजी तुटत नाही. पण काम करताना हातातून पाना निसटून त्यावर पडला, तर वरून जेमतेम एक ओरखडा दिसतो आणि आत दोन-तीन ठिकाणी थर एकमेकांपासून सुटलेले असतात. पुढे त्या पॅनेलवर दाब आला की सुटलेले पातळ थर वाकतात आणि भेग पसरत जाते.

प्रत्येक थरातले धागे त्या थराच्या पातळीतच आडवे पडलेले असतात. एका थरातून शेजारच्या थरात जाणारा धागा नसतो. मधे असतं ते फक्त काही मायक्रॉन जाडीचं इपॉक्सी, म्हणजे थर जोडणारं रेझिन, आणि घट्ट झालेलं इपॉक्सी मुळात ठिसूळ. चिवटपणा आणणारा कोणताही घटक नसलेल्या साध्या कार्बन-इपॉक्सी लॅमिनेटमध्ये थर उघडत जाणारी भेग पुढे सरकवायला ढोबळमानानं 150 ते 300 जूल प्रति चौरस मीटर एवढीच ऊर्जा लागते. ताकद वाढवून हा प्रश्न सुटत नाही. जास्त ताकदीचा धागा आणला तरी दोन थरांमधली जागा होती तशीच राहते.

या जागेत थर्मोप्लास्टिक, म्हणजे तापवल्यावर मऊ होणारं प्लास्टिक, घालण्याची कल्पना जुनी आहे. बोइंग 777 च्या शेपटीसाठी वापरलेल्या टोरे या जपानी कंपनीच्या 3900-2 रेझिन प्रणालीत थरांच्या मधे थर्मोप्लास्टिकचे बारीक कण असतात. कणांची अडचण अशी की त्यांच्यासाठी मधला थर बराच जाड ठेवावा लागतो. युरिस झेनिस आणि डॅरेल रेनेकर यांना 2001 मध्ये मिळालेल्या अमेरिकन पेटंटमध्ये कणांऐवजी अतिबारीक धागे घालण्याची कल्पना आहे. कार्बन धागा 5 ते 7 मायक्रॉन जाड असतो, तर नॅनोफायबर 100 ते 500 नॅनोमीटरचा. अशा धाग्यांची जाळी वजनात आणि जाडीत जवळजवळ जाणवत नाही, पण भेग त्यातून जाऊ लागली की हजारो धागे तिच्या दोन्ही काठांना धरून ताणले जातात आणि ताणले जाता जाता ऊर्जा खातात.

पुढची सगळी कृती एका मुद्द्याभोवती फिरते: नॅनोफायबर किती घातले हे नंतर बघा, भेग त्यांच्यातून जाते का हे आधी बघा. चौरस मीटरला पाच ग्रॅमची सुंदर जाळी घातली आणि भेग शेजारच्या कार्बन थरात शिरून तिथून निघून गेली, तर ती जाळी नुसतं वजन वाढवते.

मिसळायचं की मांडायचं?

दोन वाटा आहेत. कार्बन नॅनोफायबर किंवा नॅनोट्यूब रेझिनमध्ये मिसळायचे, नाहीतर पॉलिमर नॅनोफायबरची तयार जाळी दोन थरांमध्ये मांडायची.

मिसळायची वाट सोपी वाटते, पण ती तशी नाही. वजनाच्या 0.5 ते 1 टक्का कार्बन नॅनोफायबर घातले तरी रेझिन चांगलंच घट्ट होतं. व्हॅक्यूम इन्फ्यूजन, म्हणजे कोरड्या कापडात निर्वातानं रेझिन ओढून घेणं, करत असाल तर कापडाचे बारीक धागे गाळणीसारखं काम करतात. रेझिन आत येतं त्या तोंडाशी काळा गाळ साचतो आणि दूरच्या टोकाला जवळपास कोरं रेझिन पोहोचतं. ही वाट घ्यायचीच असेल तर हार्डनर घालण्याआधी, फक्त रेझिनमध्ये, थ्री-रोल मिलमधून रोलरमधली फट टप्प्याटप्प्यानं कमी करत मिश्रण काढा. एक थेंब दोन काचपट्ट्यांमध्ये दाबून साध्या मायक्रोस्कोपखाली बघा. गुठळ्या दिसत असतील तर मिल पुन्हा चालवा, कारण गुठळी चिवटपणा देत नाही, उलट भेग तिथूनच सुरू होते. कोरडी पूड उघड्या टेबलावर कधीच हाताळू नका. कामगारांच्या आरोग्यासाठी काम करणाऱ्या अमेरिकेच्या नायॉश संस्थेनं 2013 मध्ये कार्बन नॅनोट्यूब आणि नॅनोफायबरसाठी सुचवलेली मर्यादा हवेच्या घनमीटरमागे फक्त 1 मायक्रोग्रॅम आहे. साधा कापडी मास्क इथे कामाचा नाही.

मला दुसरी वाट पसंत आहे. जाळी जिथे ठेवाल तिथेच राहते, रेझिनची प्रवाहिता बदलत नाही आणि हवी त्या जागीच घालता येते. पुढची कृती तिचीच.

पॉलिमर निवडताना क्युअरचं तापमान बघा

क्युअर म्हणजे तापवून रेझिन पक्कं घट्ट करणं. जाळीचा पॉलिमर क्युअरच्या तापमानाला वितळायला नको, निदान सुरुवातीच्या प्रयोगांत तरी. नायलॉन 6 सुमारे 220 अंश सेल्सिअसला आणि नायलॉन 6,6 सुमारे 260 अंशांना वितळतो. 180 अंशांच्या क्युअरमध्ये दोन्ही धाग्याच्या रूपात टिकतात. पॉलिकॅप्रोलॅक्टोन मात्र 60 अंशांच्या आसपासच वितळतो. तो इपॉक्सीत विरघळून नंतर वेगळा होतो आणि चिवटपणा देऊ शकतो, पण त्यातला काही भाग इपॉक्सीतच राहिला तर काचसंक्रमण तापमान, म्हणजे ज्याच्यावर इपॉक्सी मऊ पडतं ते, खाली येतं. गरम जागी बसणाऱ्या भागासाठी हा सौदा मी करणार नाही.

पॅन (पॉलिॲक्रिलोनायट्राइल) हाही एक पर्याय आहे. डायमिथिलफॉर्मामाइडमध्ये 8 ते 12 टक्के द्रावण करून त्याचे एकसारखे धागे निघतात. पण तो नायलॉनएवढा ताणला जात नाही आणि हा द्रावक त्वचेतूनही शरीरात जातो. पहिल्यांदाच करत असाल तर नायलॉन 6 घ्या.

द्रावण

फॉर्मिक आणि ॲसेटिक आम्ल समान आकारमानात घ्या. त्यात नायलॉन 6 चे वाळवलेले दाणे अशा बेतानं घाला की पूर्ण द्रावणाच्या वजनात त्यांचा वाटा 15 टक्के होईल. झाकण लावून सामान्य तापमानाला रात्रभर ढवळत ठेवा. सकाळी द्रावण पारदर्शक दिसलं पाहिजे. तळाशी फुगलेले दाणे दिसले तर अजून वेळ द्या. गरम करायची घाई नको.

हे द्रावण साठवून ठेवण्याजोगं नसतं. आम्लात नायलॉनच्या साखळ्या हळूहळू तुटतात आणि त्याच सेटिंगवर धागे बारीक होत होत मधे मणी येऊ लागतात. एक-दोन दिवसांत संपेल एवढंच करा. उरलेलं घट्ट बंद बाटलीतही ठेवू नका. तीव्र फॉर्मिक आम्लाचं सावकाश विघटन होऊन कार्बन मोनॉक्साइड तयार होतो आणि बाटलीत दाब चढतो. सगळं काम फ्यूम हूडमध्ये, आम्लाला टिकणारे ग्लोव्ह्ज आणि गॉगल घालूनच करा. फॉर्मिक आम्ल त्वचेवर पडलं तर भाजतं.

इलेक्ट्रोस्पिनिंग

इलेक्ट्रोस्पिनिंग म्हणजे उच्च व्होल्टेजच्या जोरावर द्रावणातून बारीक धागे ओढणं. त्यासाठी सिरिंज पंप, बोथट सुई, उच्च विद्युतदाबाचा वीजपुरवठा आणि सावकाश फिरणारा ड्रम एवढी सामग्री लागते. ड्रमवर सिलिकॉनचा रिलीज पेपर किंवा ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळा. सुरुवातीला 20 ते 25 किलोव्होल्ट, सुईपासून ड्रमपर्यंत 12 ते 15 सेंटिमीटर, तासाला 0.3 ते 0.5 मिलिलिटर प्रवाह आणि 30 ते 45 टक्के आर्द्रता ठेवा. हे आकडे फक्त सुरुवातीसाठी आहेत. प्रत्येक यंत्रावर ते थोडे सरकतात.

सुईच्या टोकाकडे नीट बघा, तिथेच सगळं कळतं. व्होल्टेज चढवताना गोल थेंब आधी लांबट होतो, मग शंकूसारखा टोकदार होतो आणि टोकातून केसापेक्षा बारीक धार सुटते. हा टेलर शंकू स्थिर राहिला पाहिजे. थेंब सुईवरून खाली टपकत असेल तर प्रवाह जास्त आहे किंवा व्होल्टेज कमी. शंकू सुईच्या आत ओढला जाऊन धार फडफडत असेल तर उलट. ड्रमवर ओलसर चकचकीत डाग पडले तर द्रावक वाटेत उडत नाहीये, अंतर वाढवा. मायक्रोस्कोपखाली धाग्यांवर मणी दिसले तर द्रावण पातळ आहे, नायलॉनचा वाटा टक्का-दोन टक्क्यांनी वाढवा. सुई वारंवार बुजत असेल तर हवा फार कोरडी आहे का तपासा.

पुरवठा बंद केल्यावरही ड्रमवर विद्युतभार राहतो. हात लावण्याआधी अर्थिंगच्या दांडीनं तो उतरवा. आणि कार्बन फायबर जिथे कापता त्या खोलीत हे यंत्र कधीही ठेवू नका. कार्बनची धूळ विजेची वाहक असते. ती वीजपुरवठ्यात शिरली की शॉर्ट सर्किट ठरलेलं, आणि जाळीत मिसळली तर निकालही बिघडतात.

वेळेचा हिशेब आधी करून ठेवा. 30 गुणिले 30 सेंटिमीटरचा तुकडा म्हणजे 0.09 चौरस मीटर. प्रति चौरस मीटर 3 ग्रॅमची जाळी हवी असेल तर 0.27 ग्रॅम नायलॉन पडला पाहिजे. तासाला 0.5 मिलिलिटर प्रवाह, द्रावणाची घनता सुमारे 1.15 आणि त्यात 15 टक्के नायलॉन धरला तर तासाला साधारण 0.086 ग्रॅम पडतो. म्हणजे एका सुईनं, काहीही वाया न जाता, तीन तासांहून थोडा जास्त वेळ लागेल. प्रत्यक्षात कडेला बरंच उडतं, त्यामुळे त्याहून जास्तच. आठ थरांच्या लॅमिनेटमध्ये सातही जागी जाळी घालायची असेल तर एका सुईचा नाद सोडा आणि अनेक सुयांचं किंवा सुईविरहित यंत्र बघा.

वजन मोजा, अंदाज नको

तयार जाळीतून मध्य आणि चार कोपरे अशा पाच जागांहून 5 गुणिले 5 सेंटिमीटरचे तुकडे कापा. 3 ग्रॅमच्या जाळीचा असा तुकडा फक्त 7.5 मिलिग्रॅम भरतो, म्हणजे तराजू 0.1 मिलिग्रॅमपर्यंत वाचणारा हवा. पाच तुकड्यांत मोठा फरक आला तर सुई किंवा ड्रम बाजूला सरकवत राहण्याची सोय करावी लागेल. पातळ-जाड जाळीवर केलेली चाचणी पातळ भागाचा निकाल सांगते की जाड भागाचा, हे नंतर कुणालाच कळत नाही.

किती ग्रॅमची जाळी घ्यावी? 1 ते 5 ग्रॅम प्रति चौरस मीटर या पट्ट्यात राहा आणि निदान दोन वेगळ्या वजनांच्या जाळ्या करून बघा. प्रीप्रेग म्हणजे आधीच रेझिन भरलेला धाग्यांचा थर. चौरस मीटरला 150 ग्रॅम धागे आणि 35 टक्के रेझिन असलेल्या प्रीप्रेगचं वजन चौरस मीटरला सुमारे 230 ग्रॅम असतं. प्रत्येक थरामागे 3 ग्रॅमची जाळी म्हणजे 1.3 टक्के वाढ. हे परवडतं. पण रेझिनचाही हिशेब करा. नायलॉनची घनता 1.14 धरली तर 3 ग्रॅम म्हणजे जेमतेम 2.6 मायक्रॉन भरीव जाडी. दाबाखाली जाळीत 80 टक्के मोकळी जागा उरली तर मधला थर 13 मायक्रॉनचा होतो आणि ती जागा भरायला चौरस मीटरला बारा-तेरा ग्रॅम रेझिन लागतं. ते शेजारच्या प्रीप्रेगमधूनच येणार. प्रीप्रेग आधीच कमी रेझिनचं असेल तर जाळी मधे कोरडी राहते, आणि कोरड्या जाळीसारखी तयार भेग दुसरी नाही.

वाळवणं आणि मांडणी

नायलॉन पाणी धरून ठेवतो. मांडणीआधी जाळी 60 अंशांना व्हॅक्यूम ओव्हनमध्ये रात्रभर ठेवा आणि बाहेर काढली की लगेच वापरा. हे टाळलं तर क्युअरमध्ये वाफ होऊन नेमकं थरांच्या मधे पोकळ्या पडतात. प्रीप्रेग फ्रीझरमधून काढल्यावर बंद पिशवीतच सामान्य तापमानाला येऊ द्या. थंड रोल उघडला की त्यावर दव जमतं आणि केलेली वाळवणी फुकट जाते.

नुसती जाळी हातात धरायला जाल तर ती ग्लोव्ह्जला चिकटून चुरगळते. स्थिर विद्युतभारामुळे ती जवळच्या कशालाही जाऊन चिकटते. म्हणून ती कागदावरून सुटी करूच नका. कागदासकट मापात कापा, जाळीची बाजू प्रीप्रेगच्या चिकट पृष्ठभागावर टेकवा, रबरी रोलर एका कडेकडून दुसरीकडे फिरवा आणि कागद सावकाश, जवळपास सपाट कोनात सोलून काढा. सुटत नसेल तर प्रीप्रेग अजून थंड आहे.

थेट प्रीप्रेगवरच धागे काढता येतात, कारण कार्बन विजेचा वाहक असल्यामुळे थरच अर्थ करून कलेक्टर म्हणून वापरता येतो. जाळी हाताळायची कटकट वाचते, पण प्रीप्रेग तासन्तास सामान्य तापमानाला राहतं आणि तो वेळ त्याच्या फ्रीझरबाहेरच्या मर्यादित आयुष्यातून वजा होतो. शिवाय आम्लाचा अंश रेझिनमध्ये जायची भीती असते. कोरड्या कापडावर हे जास्त निर्धोक आहे.

आता जागा. भेग चाचणीच्या नमुन्यात जाळी मध्यपातळीवर घालायची, तेवढं पुरे. खऱ्या भागात मात्र सगळीकडे घालायची गरज क्वचितच असते. थर सुटायला सुरुवात होते ती मोकळ्या कडांशी, भोकांभोवती, जिथे मधेच थर संपवले आहेत तिथे, आणि वळणाच्या आतल्या अंगाला. आघात होणाऱ्या पॅनेलमध्ये शेजारशेजारच्या थरांच्या कोनात मोठा फरक असेल, म्हणजे 0 वर 90 किंवा 45 वर उणे 45, त्या जागा आधी निवडा. एकाच कोनाच्या दोन थरांमध्ये जाळी घालून फारसं काही हाती लागत नाही.

क्युअर

प्रीप्रेग असेल तर कंपनीनं दिलेलं क्युअर चक्र तसंच ठेवा. फक्त रेझिन बाहेर शोषून घेणारे ब्लीडर थर कमी करा, कारण जास्तीचं रेझिन आता जाळीला हवं आहे. इन्फ्यूजन करत असाल तर जाळीतून आरपार रेझिन सावकाश जातं. प्रवाह थराच्या पातळीत होईल अशी व्यवस्था करा आणि रेझिनच्या कामकाजाच्या वेळेत भराई संपेल का, हे एका छोट्या चाचणीतुकड्यावर आधी बघा. त्यासाठी सोपी खूण आहे: कोरडी नायलॉनची जाळी पांढरी दिसते आणि रेझिननं पूर्ण भिजली की पारदर्शक होते. काचेवर एक थर कापड आणि जाळी ठेवून भराई केली तर खालून सगळं दिसतं.

चाचणी, आणि तीतली खरी गोम

उघडणाऱ्या भेगेसाठी एएसटीएम या मानक संस्थेची डी 5528 ही पद्धत वापरा. नमुना 20 ते 25 मिलिमीटर रुंद, किमान 125 मिलिमीटर लांब आणि 3 ते 5 मिलिमीटर जाड असतो. सुरुवातीच्या भेगेसाठी मध्यपातळीवर एका टोकाला 13 मायक्रॉन किंवा त्याहून पातळ टेफ्लॉन फिल्म ठेवायची. जाळी या फिल्मच्या पुढे सुरू झाली पाहिजे आणि दोन्हीमध्ये सुरकुती किंवा फट राहता कामा नये. कडेला पांढरा रंग लावून मिलिमीटरच्या खुणा करा म्हणजे भेगेचं टोक नीट वाचता येतं.

हिशेबाचं एक उदाहरण. 50 न्यूटन भाराला टोकं 6.5 मिलिमीटर उघडली, रुंदी 25, भेगेची लांबी 55 आणि या पद्धतीत त्या लांबीत मिळवायचं दुरुस्तीचं अंतर 5 मिलिमीटर. भार गुणिले उघडीप गुणिले 3 म्हणजे 975. त्याला रुंदीच्या दुपटीनं आणि दुरुस्त लांबीनं, म्हणजे 50 गुणिले 60 नं भागलं की 0.325 न्यूटन प्रति मिलिमीटर, अर्थात 325 जूल प्रति चौरस मीटर. हे प्रत्येक खुणेपाशी काढून भेगेच्या लांबीनुसार आलेख मांडा. सुरुवातीचा आकडा आणि भेग पुढे पसरतानाचा आकडा वेगवेगळा नोंदवा. जाळीचा परिणाम दोन्हींवर सारखा नसतो.

सरकणाऱ्या भेगेसाठी डी 7905 चाचणी करा. नायलॉनच्या जाळीचा फायदा बऱ्याचदा तिथे जास्त ठळक दिसतो, कारण धागे तिरके ताणले जातात आणि तुटण्याआधी बरेच लांबतात. फक्त उघडणारी भेग तपासून जाळी निकामी ठरवू नका.

तुलना कशाशी करता यावरच निकालाची किंमत ठरते. त्याच रोलमधल्या प्रीप्रेगचं, त्याच चक्रात क्युअर केलेलं, जाळीशिवायचं लॅमिनेट तर हवंच. माझ्या मते तिसरंही हवं: जाळीऐवजी तेवढ्याच जाडीची नुसती रेझिन फिल्म घातलेलं. मधला थर जाड झाला की चिवटपणा आपोआप थोडा वाढतो. जाळीचं श्रेय आणि जाडीचं श्रेय वेगळं काढायचा दुसरा सरळ उपाय नाही. प्रत्येक प्रकाराचे निदान पाच नमुने मोडा आणि तिन्हींमध्ये धाग्यांचा आकारमानातला वाटा सारखा आहे का मोजा. टक्केवारीच्या दाव्यांपासूनही जरा लांब राहा. 150 वरून 300 झालं तर शंभर टक्के वाढ म्हणून छापता येतं, पण आधीच चिवट असलेल्या 500 च्या रेझिनमध्ये तीच जाळी कदाचित काहीच भर घालणार नाही.

मग मोडलेले पृष्ठभाग बघा. हे सोडून दिलं तर चाचणी अर्धीच झाली. दोन्ही अर्ध्या भागांवर जाळीचे ताणलेले, टोकाला बारीक झालेले धागे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली दिसले तर भेग जाळीतून गेली. पृष्ठभागावर गुळगुळीत कार्बन धागे आणि त्यांचे साचे दिसले तर भेग शेजारच्या थरात निसटली. दुसऱ्या प्रकारात जाळी जाड करून उपयोग नाही. कार्बन धागा आणि रेझिन यांची पकड कमजोर आहे, किंवा मधल्या थराच्या मानानं शेजारचा थर सुटायला सोपा आहे. धाग्याचं सायझिंग (त्यावरचा पातळ लेप) बदला किंवा जाळी पातळ करून बघा. धागे दिसतात पण न ताणलेले, रेझिनमधून सरळ उपसून निघालेले असतील, तर नायलॉन आणि इपॉक्सी यांची पकड अपुरी आहे. वाळवणीत कसर राहिली का ते आधी तपासा. पांढरे कोरडे ठिगळ दिसले तर रेझिन कमी पडलं.

आघाताची चाचणी शेवटी ठेवा, कारण ती महाग आणि वेळखाऊ आहे. डी 7136 नुसार वजन पाडायचं, अल्ट्रासॉनिक स्कॅननं आत सुटलेलं क्षेत्र मोजायचं आणि डी 7137 नुसार त्याच पॅनेलवर दाब देऊन उरलेली ताकद काढायची. नायलॉनची जाळी असेल तर नमुन्यांचा एक संच दमट उष्ण हवेत वजन स्थिर होईपर्यंत ठेवून मगच तपासा. कोरड्या खोलीत मिळालेला फायदा ओल्या नायलॉनमध्ये किती उरतो, हे त्या संचावरूनच कळतं.